जुनी ल्यूट : अस्सल किती, बदललेली किती?

युरोपातील पुरातन ल्यूट या तंतुवाद्याची पारख करताना केवळ ‘हे अस्सल आहे का?’ असे विचारून भागत नाही. ‘त्याचा कोणता भाग कोणत्या काळातील आहे?’ हा खरा प्रश्न असतो, कारण सोळाव्या शतकातील फारच थोड्या ल्यूट मूळ स्वरूपात उरल्या आहेत.

या बदलांमागे बहुधा फसवणूक नव्हती. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ल्यूटला साधारणतः तारांचे सहा संच असत; सतराव्या शतकाच्या मध्यास ते अकरा, तर अठराव्या शतकात तेरा झाले. इटलीतील बोलोन्या येथील लाउक्स मालर (मृत्यू 1552) याच्या वाद्यांना पुढील पिढ्यांत मोठी मागणी होती. त्यामुळे त्यांची जुनी पाठ राखून रुंद दांडी, नवी खुंटीपेटी, प्रसंगी नवा ध्वनिपटही बसविला गेला.

अशा बदलांच्या खुणा मागे राहतात. दांडी आतील ठोकळ्याला खिळ्याने जोडलेली असे. बुजवलेली जुनी छिद्रे दांडी बदलल्याचे सुचवितात. ध्वनिपटावर घोडी सरकवल्याचा ठसा उमटतो. क्ष-किरण व आत सोडलेली सूक्ष्म दुर्बीण यांमुळे वाद्य न उघडताही दुरुस्त्या दिसतात.

ध्वनिपटाच्या स्प्रूस लाकडातील वार्षिक वलये मोजून त्यातील शेवटच्या वलयाचे वर्ष ठरविता येते. चिठ्ठीवर 1580 आणि शेवटचे वलय 1650 चे असल्यास तो ध्वनिपट 1580 चा नव्हे, हे निश्चित. मात्र तेवढ्याने संपूर्ण वाद्य बनावट ठरत नाही. ध्वनिपट नंतर बदललेला असू शकतो. उलट, जुने लाकूड नव्या वाद्यातही वापरता येते. म्हणून ही पद्धत दावा खोडून काढू शकते, एकटी सिद्ध करू शकत नाही.

चिठ्ठी हा सर्वांत दुबळा पुरावा होय. फ्लॉरेन्सचा व्यापारी लिओपोल्दो फ्रांचोलिनी निरनिराळ्या वाद्यांचे भाग जोडून व खोट्या चिठ्ठ्या लावून ती विकत असे. 1910 मध्ये तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला. त्याच्या हातून गेलेली वाद्ये अनेक संग्रहांत पोहोचली होती.

‘मूळ रूप’ परत आणण्याच्या उत्साहात नंतरचे भाग काढून टाकल्यास इतिहासच पुसला जातो. म्हणूनच जुने वाद्य आहे तसे जपावे आणि वादनासाठी त्याची प्रतिकृती घडवावी, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.