तुटणारा बोल्ट तुटू द्यावा

सोयाबीन निघाले की जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरायची घाई सुरू होते. लातूर-नांदेडकडे पुष्कळ शिवारांत आता बैलाच्या वखराऐवजी ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर दिसतो. वखराची पास धोंड्याला अडली की बैल आपण होऊन थबकायचा. ट्रॅक्टरला ही समज नाही. बऱ्याच यंत्रांत ती समज एका लहानशा बोल्टाकडे दिलेली असते. त्याला शिअर बोल्ट म्हणतात.

ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ दांडा साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. या दांड्याचे दोन भाग जिथे जोडलेले असतात तिथे हा बोल्ट आडवा बसतो आणि सगळी ताकद त्याच्यातून पुढे जाते. आता समजा, पात्यांत धोंडा अडकला. पाती जागच्या जागी थांबली, पण इंजिन मागून रेटतेच आहे. अशा वेळी काहीतरी मोडणारच! काय मोडावे हे कारखानदाराने आधीच ठरवून ठेवलेले असते. बोल्ट कातरला जातो, दांडा मोकळा फिरतो आणि गिअरपेटी वाचते. घरातल्या विजेच्या फ्यूजचे काम याहून वेगळे नाही. बर्फाळ मुलुखात रस्त्यावरचे बर्फ उडवणारी यंत्रे असतात, त्यांतही अशीच पिन घालतात.

दिवसातून दोनदा बोल्ट तुटला की चालक वैतागतो आणि मोंढ्यातून सगळ्यांत कडक बोल्ट आणून ठोकतो. मग बोल्ट तुटायचा थांबतो खरा, पण पुढच्या धोंड्याला गिअरचे दात जातात. गिअरपेटी उघडून मिस्त्री पुढ्यात बसला की ओल काही वाट पाहत नाही.

बोल्टाच्या डोक्यावर 8.8, 10.9, 12.9 असे आकडे असतात. पहिला आकडा ताकदीचा. 8 म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे 80 किलोचा ताण. कातरायला त्याच्या साधारण साठ टक्के जोर पुरतो. त्या हिशेबाने 8 मिलिमीटर जाडीचा 8.8 चा बोल्ट सुमारे 2400 किलोला तुटेल. त्याच जाडीचा 12.9 घातला तर तो दीडपट जोर सोसतो. भोक मोठे करून 10 मिलिमीटरचा 12.9 घातला, तर सव्वादोन पटीहून जास्त! दोनच मिलिमीटर वाढवले म्हणून समाधान मानू नये, बरं का. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत जी जाडी, जी लांबी आणि जो आकडा दिला असेल तोच घ्यावा. सळईचा तुकडा किंवा खिळा तर मुळीच नको.

मऊ रानातही बोल्ट वारंवार तुटत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. पात्यांच्या दांड्याला तार, ठिबकची नळी किंवा तुराट्या गुंडाळल्या असतील. बेअरिंग जाम असेल. यंत्र जमिनीवर टेकवून मग पीटीओ एकदम जोडायची सवयही बोल्टाला मारक आहे. भोके लांबट झाली किंवा नट ढिला राहिला तर बोल्ट प्रत्येक फेऱ्यात आपटत राहतो आणि थकून तुटतो. आणखी एक बारकावा. जोडावर बोल्टाचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे नव्हेत. आट्यांपाशी तो कमी जोरालाच जातो.

बदलताना आधी पीटीओ सोडवा, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि चावी आपल्या खिशात ठेवा. फिरता दांडा धोतराचा सोगा, गमछा, पदर काहीही ओढून घेतो, आणि मग माणसाला सुटायला वेळ मिळत नाही. तुटलेले दोन्ही तुकडे हातोडी-पंचाने काढा, दांडा हाताने फिरवून भोके समोरासमोर आणा आणि नवा बोल्ट घट्ट आवळा.

काही यंत्रांत बोल्टाऐवजी घसरणारा क्लच असतो. यंत्र पावसाळाभर उभे राहिले की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात आणि मग तो घसरतच नाही. हंगामाआधी त्याच्या स्प्रिंगा ढिल्या करून तो घसरतो का ते पाहावे आणि पुस्तिकेतल्या मापाने पुन्हा आवळावे. बोल्टवाल्यांनी योग्य आकड्याचे पाच-सहा बोल्ट नटांसह डब्यात ठेवावेत. रोटाव्हेटर भाड्याने बोलावला असेल, तर तो रानात उतरण्याआधी चालकाला हा डबा दाखवायला सांगावे.