सोल्डरभोवतीची हवा

इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशातच बनावेत म्हणून केंद्राने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून चर्चा आहे ती गुंतवणुकीची आणि नव्या कारखान्यांची. पण बनवलेला भाग बोर्डावर सोल्डर होतानाही टिकला पाहिजे, आणि ते बरेचसे आजूबाजूच्या हवेवर ठरते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. शिसे-कथलाचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळे. त्याची जागा घेणारा कथील, चांदी आणि तांब्याचा मिश्रधातू २१७ अंशांपासून वितळू लागतो. त्यामुळे बोर्डाचे तापमान २४० अंशांच्या आसपास न्यावे लागते. कनेक्टरचे प्लास्टिक किंवा आत द्रव असलेला कपॅसिटर यांना तिथे चुकीला फारशी सवड उरत नाही.

म्हणून काही ठिकाणी हवेऐवजी नायट्रोजनमध्ये सोल्डर करतात. तो भागांना थंड ठेवतो, हा गैरसमज आहे. त्याचे काम कल्हईवरून समजते. तापलेल्या तांब्याच्या भांड्यावर नवसागर फिरवल्याशिवाय कथील धरत नाही, कारण मध्ये ऑक्साइडचा थर असतो. सोल्डरिंगमध्ये नवसागराचे काम फ्लक्स करतो. पण हवेत २१ टक्के ऑक्सिजन असल्याने उष्णतेत तो थर पुन्हा धरतो, सोल्डर पसरत नाही आणि कारागीर सोल्डरिंग आयर्नचे टोक जास्त वेळ टेकवून धरतो. भाग करपतो तो इथे. बोर्ड भट्टीत सोल्डर होत असेल, तर नायट्रोजन सोडून तिच्यातला ऑक्सिजन दहा लाखांत हजार भागांच्या खाली आणला, की सोल्डर चटकन पसरते, सौम्य फ्लक्स पुरतो आणि कमाल तापमान थोडे उतरवता येते. हाताने काम करताना टोकाभोवती सोडलेला गरम नायट्रोजन जोड आधीच तापवतो, म्हणून टोक कमी वेळ टेकवावे लागते.

तीव्र फ्लक्स वापरला तर भागणार नाही का? भागेल, पण त्याचे अवशेष पुढे जोड गंजवतात. १३८ अंशांना वितळणारे कथील-बिस्मथचे सोल्डरही आहे. मात्र ते ठिसूळ असते, आणि तापणाऱ्या उपकरणात चालत नाही. नायट्रोजनचा खर्च वाढतो, हा आक्षेप खरा आहे. शिवाय नायट्रोजनमध्ये सोल्डर इतक्या झटकन धरते, की बारीक भाग एका टोकाने ओढला जाऊन उभा राहू शकतो. म्हणून सरसकट नायट्रोजन नको. जिथे भाग नाजूक आणि जोड दाट, तिथे तो हवाच. कारखान्याने तोच बोर्ड दोन्ही प्रकारे सोल्डर करून पाहावा आणि वायूचे बिल फेरकामाच्या खर्चाशी ताडावे. योजनेचा पैसा यंत्रांइतकाच अशा पडताळणीवर खर्च झाला, तरच इथे जोडलेला बोर्ड वर्षानुवर्षे चालेल.