काळ्या कुत्र्यावरचं आभाळ

खानदेशातल्या काळ्या रानात काळ्या कुत्र्याचा फोटो काढून पाहा. माती राखाडी येते, कुत्राही राखाडी येतो आणि छातीवरचा पांढरा पट्टा नुसता भगभगतो. तोच कुत्रा धुळ्याजवळ लळिंगच्या उतारावर, मागे लख्ख आभाळ ठेवून उभा करा. आता फोटोत फक्त काळी आकृती उरते, डोळेसुद्धा सापडत नाहीत. कुत्रा तोच आणि कॅमेराही तोच!

गंमत अशी की समोरची वस्तू काळी आहे की तिच्यावर उजेड कमी आहे, हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला मुळात कळत नाही. समोरचं सगळं जग सरासरीनं मधल्या राखाडी छटेचं असणार, असं तो धरून चालतो. काळोखं दिसलं की उजळवतो, लख्ख दिसलं की झाकोळतो. आजचे मोबाइल बरेच शहाणे झालेत, पण ही सवय पुरती गेलेली नाही. म्हणून मोबाइलवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते काळ्या रानात थोडं खाली सरकवायचं. मागे आभाळ असेल तर वर. पांढरा कुत्रा चौकटभर असेल तरीही वरच.

पण काळ्या कुत्र्याचं खरं रहस्य याहून सुंदर आहे. काळे केस प्रकाश गिळतात. परत येते ती केसांवरची चमक. त्या चमकेवरूनच आपल्याला खांद्याची गोलाई, मानेचा बाक, कानाची कड कळते. म्हणजे काळ्या कुत्र्याचा चांगला फोटो हा बराचसा त्याच्या अंगावर पडलेल्या आभाळाचा फोटो असतो. दुपारचा सूर्य एवढासा बिंदू, त्याची चमकही ठिपक्याएवढी. कुत्र्याला निंबाच्या सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवा. अंगावर मऊ तकाकी येते आणि डोळ्यांत आभाळाचा छोटा तुकडा उतरतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत मात्र फार आत शिरू नका. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि पांढऱ्या केसांवर तो लगेच चढतो. बांधावर थांबलेलं बरं.

प्रकाश कुठून येतो यावरच वस्तूचं रूप ठरतं, हे ज्यांनी आयुष्यभर पडताळलं ते केकी मूस (१९१२–१९८९) आपल्याच चाळीसगावचे. आयुष्याचा मोठा काळ ते स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातच राहिले. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. कुत्र्याचा फोटो काढणाऱ्याला उजेड वळवता येत नाही. त्यानं स्वतः फिरायचं आणि कुत्र्याला फिरवायचं.

आणि कुत्रा पळायला लागला की? १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून दौडत्या घोड्याचे फोटो काढले. घोड्याचे चारही पाय हवेत असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तर पिढ्यान् पिढ्या पुढे-मागे ताणलेले पाय काढत आले होते! ती ताणलेली झेप खरोखर दिसते ती भरधाव कुत्र्यात. आपल्या दख्खनच्या कारवानसारखा सडपातळ कुत्रा एका ढांगेत दोनदा जमीन सोडतो, एकदा पाय आखडून आणि एकदा पूर्ण पसरून. ताशी ३० किलोमीटरनं पळणारा कुत्रा सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे १४ सेंटिमीटर सरकतो, हजाराव्या भागात जेमतेम ८ मिलिमीटर. शटर १/१००० ठेवायचं ते यासाठी, आणि त्याला लागणारा भरपूर उजेड खानदेशात सकाळीच मिळतो.

चेहऱ्यासाठी मात्र जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला वाढलेला असतो, लांडग्यांत त्याचे बहुधा तुरळक धागेच आढळतात, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हजारो वर्षं माणसाजवळ राहून आलेली ती नजर उभ्यानं, वरून काढलेल्या फोटोत हरवते.

भर उन्हात जीभ बाहेर काढलेला कुत्रा हसरा वाटतो, पण तो अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हाळ्यात फोटोसाठी सूर्य वर यायच्या आत निघा, पाण्याचं भांडं बरोबर घ्या. निघण्यापूर्वी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून पाहा. सात सेकंद सोसवली नाही, तर त्याला घरीच राहू द्या.