थंड मुलखातला ताड आणि त्याचा एकुलता पोंगा



ताड-माड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणपट्टी येते. पण हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या इंग्लंडातही लोक घरापुढच्या बागेत शोभेसाठी ताड लावतात आणि तो चांगला जगतो. आपल्या ऊसवाल्यांना त्याचं काय, असं कोणी म्हणेल. पण त्याची निगा वाचताना आम्हाला पावलोपावली ऊसच आठवला, म्हणून हा लेखप्रपंच.

तिकडे सर्रास लावतात तो चुसान पाम. हा मूळचा चीनचा. तेथील शेतकरी त्याच्या खोडावरच्या काथ्याचे दोर, झाडू, एवढेच नव्हे तर पावसात पांघरायची इरलीही करीत. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी तो चुसान बेटावर पाहिला आणि १८४९ साली इंग्लंडला धाडला. कंपनी सरकारसाठी चिनी चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणणारे हेच ते फॉर्च्यून. या ताडाचा एक भाऊबंद आपल्याच देशात, कुमाऊंतील पिथोरागढजवळच्या बर्फाळ डोंगरावर वाढतो.

वाढलेला चुसान पाम उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत थंडी सोसतो. मग झाडं दगावतात कशानं? बहुधा थंडी आणि पाणी एकत्र आल्यानं. उसासारखा ताडालाही मधोमध पोंगा असतो आणि पोंग्याच्या बुडाशी वाढीचा कोंब. तिथं पाणी साचून गोठलं की इजा होते, मागाहून कूज शिरते. पोंगा ओढताच अलगद हातात येतो आणि घाण वास मारतो. खोडकिडीची पोंगामर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

फरक पुढे आहे. उसाचा पोंगा मेला तरी बुडातून फुटवे येतात. तोडल्यावर खोडवाही येतो. चुसान पामच्या खोडाला कोंब एकच. तो मेला की झाड गेलं. मात्र आतला कोंब शाबूत असला तर काही महिन्यांनी नवा पोंगा वर येतो, म्हणून जाणकार झाड उपटायची घाई करीत नाहीत.

ते पाळतात ती पथ्ये अशी:

१) लागण वसंतात. ताडाची मुळं उबदार मातीतच चालतात.

२) पाण्याचा निचरा हवाच. भारी जमिनीत उंचवटा करून लावावे.

३) वाऱ्याला आडोसा असावा, नाहीतर पानांच्या चिंध्या होतात.

४) कडाक्याच्या थंडीत लहान रोपाची पानं वर गोळा करून बांधावीत व हवा खेळेल असं कापड गुंडाळावं. प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. थंडी सरताच सोडावे.

थंडी सोसणारा दुसरा ताड चिली देशातला. त्याच्या रसाची काकवी करतात! १८३४ साली चार्ल्स डार्विन तेथे गेले असता त्यांना सांगण्यात आलं, की झाड आडवं पाडून शेंडा छाटतात, मग महिनोन्‌महिने रस गळतो. चांगलं झाड ९० गॅलन देतं. पण शेंडा गेला की झाड संपलं. असं झाड पुन्हा उभं राहायला माणसाच्या दोन पिढ्या जातात.

आपल्या दारातल्या नारळाचंही हेच. गेंड्या भुंगा उकिरड्यात वाढतो आणि नारळाचा कोंब पोखरतो. तेव्हा खताचा खड्डा नारळाजवळ ठेवू नये, अळ्या दिसताच वेचून माराव्यात. उसाची चूक खोडव्यात भरून काढता येते, नारळाची नाही.