भोकापेक्षा भिंत महत्त्वाची

प्लॅस्टिकच्या पिशव्या, डबे, पाइप ज्यापासून बनतात तो इथिलीन वायू कारखान्यात निर्भेळ मिळत नाही. रायगडमधल्या नागोठण्याच्या क्रॅकरसारख्या प्रकल्पात इथेन तापवून इथिलीन करतात. न बदललेला इथेन त्यात मिसळलेलाच राहतो. इथिलीनचा उत्कलनबिंदू उणे १०४ अंश सेल्सिअस, इथेनचा उणे ८९. एवढ्याशा फरकावर दोघांची फारकत करायची म्हणजे कडाक्याची थंडी, दाब आणि ऊर्ध्वपातनाचा शंभरेक ट्रे रचलेला मनोरा. इथिलीन आणि प्रोपिलीनच्या शुद्धीकरणावर जगातली सुमारे ०.३ टक्के ऊर्जा खर्च होते, असा हिशेब डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला होता. हेच काम साध्या तापमानाला व्हावे म्हणून सच्छिद्र सेंद्रिय चौकटींवर संशोधन चालू आहे. सेंद्रिय रेणू ठरावीक रचनेत जोडून घडवलेले हे घन पदार्थ आतून नॅनोमीटरच्या मापाने पोकळ असतात.

गैरसमज: रसायनशास्त्राचे २०२५ चे नोबेल या सेंद्रिय चौकटींनाच मिळाले.
ते मिळाले धातू-सेंद्रिय चौकटींना, म्हणजे एमओएफना. मानकऱ्यांपैकी ओमर याघी यांच्या गटाने २००५ मध्ये धातू नसलेल्या सहसंयुज सेंद्रिय चौकटी, म्हणजे सीओएफही बनवल्या, त्यामुळे गल्लत होते.

गैरसमज: ही रेणूंची चाळण आहे. लहान वायू आरपार, मोठा अडकून.
सर्वांत पक्का बसलेला समज हाच. इथिलीनच्या रेणूचा व्यास सुमारे ०.४१६ नॅनोमीटर, इथेनचा ०.४४४. सुरुवातीच्या सीओएफ-५ ची छिद्रे २.७ नॅनोमीटरची, त्यांतून दोघेही खुशाल जातील. शिवाय छिद्राची कड स्थिर नसते, उष्णतेने ती सतत थरथरते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या अँड्र्यू कूपर यांच्या गटाचा सीसी-३ हा पिंजऱ्यासारख्या रेणूंचा पदार्थ पाहा. कागदावर त्याची खिडकी ०.३६ नॅनोमीटरची, झेनॉनचा अणू ०.४ च्या आसपास. तो आत शिरता कामा नये. पण शिरतो, आणि आतल्या पोकळीत इतका नेमका बसतो की त्याहून लहान क्रिप्टॉनपेक्षा घट्ट धरला जातो. मोठा अणू थांबतो, लहान पुढे निघून जातो!

काही पदार्थ खरोखर आकारावरून निवड करतात, नाही असे नाही. पण बहुधा ठरवते ती रेणूची भिंतीशी असलेली ओढ. महाराष्ट्रात २०२१ मध्ये अनेक रुग्णालयांच्या आवारात पीएसए (दाब चढवून-उतरवून वायू वेगळे करणारे) ऑक्सिजन प्रकल्प उभे राहिले, तेही याच तत्त्वावर. त्यांतला झिओलाइट हा सच्छिद्र पदार्थ सेंद्रिय नव्हे, एवढाच फरक. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही त्याच्या छिद्रांत मावतात. तिथल्या धनभारित आयनांना नायट्रोजन जास्त चिकटतो, ऑक्सिजन पुढे जातो. आर्गॉन जवळपास ऑक्सिजनसारखाच वागतो, म्हणून तोही सोबत येतो आणि शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास अडते.

गैरसमज: आतले पृष्ठफळ जितके जास्त, तितके चांगले.
पीएएफ-१ या २००९ मधल्या पदार्थाचे पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे ५,६०० चौरस मीटर. वायू साठवायला उत्तम. वेगळे करायला मात्र अरुंद कप्पा बरा, जिथे रेणूला सगळीकडून भिंत लागते.

गैरसमज: धातू नाही म्हणजे पदार्थ नाजूक.
बोरॉनच्या बंधांवर उभ्या असलेल्या पहिल्या सीओएफ पाण्याने मोडत, हे खरे. पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये जोडणीची शेवटची पायरी उलट न फिरणारी केली. त्यातून आलेली टीपीपीए-१ उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टिकली.

गैरसमज: हवा तो वायू पकडला की झाले.
पकडलेला वायू सोडवावाही लागतो, दाब उतरवून किंवा तापवून. धातू असलेल्या अनेक चौकटी इथिलीनच्या दुहेरी बंधाला धरून ठेवतात. मग नेमका विकायचा मालच आत अडकतो. इथे धातू नसणे पथ्यावर पडते. हायड्रोजन बंधांनी जोडलेली एचओएफ-७६ ही चौकट २०२० मध्ये जाहीर झाली. तिची ओढ इथेनकडे अधिक, त्यामुळे दुसऱ्या टोकाला थेट इथिलीन बाहेर पडतो. अर्थात इथेनवरची पकड इथिलीनवरच्या पकडीपेक्षा थोडीच जास्त असते, म्हणून एका फेरीत हाती येणारा शुद्ध वायूही थोडाच.