लेक धावते, आई चालते

मैत्रिणींनो, खरं सांगते, लेकीच्या घरी पोचल्यावर चौथ्याच दिवशी आमचं वाजलं. आधी व्हिसा, मग ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, या भानगडींत तिच्या बाळंतपणाला मला जाता आलं नव्हतं. त्याची रुखरुख मनात होतीच. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा कुठे डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ असा सगळा सरंजाम घेऊन सप्टेंबरात फ्रान्समधल्या दिजों गावी पोचले. आणि बाईसाहेबांनी जाहीर काय करावं?

"आई, शुक्रवारी आपण सगळे चार दिवस तळ्यावर जातोय. मला धावायचंय."

"धावायचंय? अगं, अंगावर पाजतेयस तू!"

"मग? पाजूनच जाईन की."

जावई गालात हसत भांडी घासत होते. मी गप्प बसले, पण मनातून चिडलेच. आमच्या वेळी सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नव्हतं, आणि ही निघाली रानात पळायला!

रानातलं तळं

दिजोंहून मोटारीने साधारण दीड तासावर मॉर्व्हाँ नावाचा डोंगराळ भाग आहे. बर्गंडी म्हटलं की द्राक्षांचे मळे डोळ्यांसमोर येतात, पण इथे द्राक्षं नाहीत. ग्रॅनाइटचा खडक, थंडगार ओढे आणि जिकडे पाहावं तिकडे झाडी. सगळ्यात उंच डोंगर ९०१ मीटरांचा, म्हणजे धाप लागेल पण छाती दडपणार नाही. ओक आणि बीचची जुनी रानं आहेत, आणि मधूनमधून डग्लस जातीच्या सूचिपर्णी झाडांच्या सरळसोट लागवडी. नाताळची झाडंही इथे शेतात लावतात. गुडघ्याएवढी हिरवी रोपं ओळीने उभी पाहून मला आपली हळदीची वावरंच आठवली. १९७० पासून हा भाग प्रादेशिक निसर्ग-उद्यान म्हणून राखला आहे.

या रानाच्या मधोमध सेतोंचं तळं आहे. तळं म्हणायचं, पण ते माणसाने केलेलं. क्यूर नदीवर १८५४ मध्ये दगडी धरण बांधायला घेतलं, सुमारे वीस मीटर उंचीचं. पाण्याचा विस्तार साधारण ३६० हेक्टर, म्हणजे नऊशे एकरांच्या आसपास. धरण कशासाठी बांधलं? वीज नाही, शेती नाही. पॅरिसच्या चुलींसाठी!

त्या काळी पॅरिसला जळाऊ लाकूड लागायचं ते या डोंगरांतून. लाकूडतोडे ओंडके कापत, त्यांवर मालकाच्या खुणेचा ठसा मारत आणि ओढ्यांत सोडून देत. मग वरचं साठवलेलं पाणी सोडलं की लोंढ्याबरोबर सगळं लाकूड खाली वाहत जाई. क्लामसी गावी ते अडवून, खुणा बघून ज्याचं त्याचं वेगळं करायचं, तराफे बांधायचे आणि यॉन नदीतून सेन नदीत, थेट राजधानीला न्यायचे. पुढे आगगाडी आणि कोळसा आला, तसा हा धंदा मोडला. १९२३ नंतर तो बंदच झाला. धरण मात्र राहिलं, आणि आता त्याच्या काठाने माणसं धावतात.

वाट कशी आहे?

तळ्याला पूर्ण फेरा मारला तर साधारण पंधरा किलोमीटर होतात. वाट पाण्याच्या कडेकडेने जाते, फार चढउतार नाहीत. कधी झाडांच्या मुळांवरून, कधी मऊ पाचोळ्यावरून. पावलाखाली डांबर नसल्यामुळे गुडघ्यांना बरं. मात्र ओल्या मुळांवर पाय सटकतो, तेव्हा नजर खाली हवी.

पंधरा झेपत नसतील तर धरणापासून काठाने वीस मिनिटं जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. लेकीने पहिल्या दिवशी तेच केलं. दोन मिनिटं हळू धावायची, एक मिनिट चालायची. मी तिला विचारलं, "याला काय धावणं म्हणतात?" ती म्हणाली, "यालाच म्हणतात. धावताना सलग बोलता आलं पाहिजे. बोलता येईना की वेग जास्त झाला समजायचं."

रानात शिरणाऱ्या वाटांना झाडांवर रंगाच्या खुणा असतात. पांढरा आणि तांबडा असे दोन पट्टे म्हणजे लांब पल्ल्याची वाट, नुसता पिवळा म्हणजे जवळची गावफेरी. आणि फुली दिसली की समजायचं, चुकलो, मागे फिरा. भाषा येत नसली तरी फुली सगळ्यांनाच कळते.

ती गेली आणि मी बाळाला घेऊन बाकावर बसले. चाळीस मिनिटं. सारखं घड्याळ बघत होते. बाळ मात्र पाण्याकडे टक लावून शांत. ती परत आली ती घामाघूम, गाल लालबुंद, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते मी लग्नाआधी शेवटचं पाहिलं होतं. मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली.

दुधाची घरं

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. मग जवळच्याच आलिन्यी नावाच्या खेड्यात एक संग्रहालय पाहायला गेलो. २०१६ मध्ये उघडलेलं. विषय काय, तर दूध पाजणाऱ्या दाया आणि सरकारने सांभाळायला दिलेली अनाथ मुलं.

एकोणिसाव्या शतकात मॉर्व्हाँच्या बायकांचं दूध पॅरिसभर नावाजलेलं होतं. नुकती बाळंत झालेली बाई स्वतःचं तान्हं सासूच्या नाहीतर शेजारणीच्या ओटीत टाकून शहरात जाई आणि तिथल्या श्रीमंताच्या बाळाला पाजत राही. घरचं पोर गाईच्या दुधावर. त्यातली कितीतरी दगावत. बाई परत येई तेव्हा गाठीला पैसा असे, त्यातून नीटनेटकं दगडी घर उभं राही. अशा घरांना तिथले लोक 'दुधाची घरं' म्हणत.

उलट दिशेनेही रहदारी होती. पॅरिसमधली टाकून दिलेली मुलं इथल्या शेतकऱ्यांच्या घरी वाढायला येत. पुढे मोठा लेखक झालेला जाँ जने हा त्यांतलाच. १९१० मध्ये पॅरिसला जन्मला आणि काही महिन्यांचा असताना याच आलिन्यीत आला.

शेवटी १८७४ मध्ये, रूसेल नावाच्या डॉक्टर खासदारांच्या खटपटीने, फ्रान्समध्ये कायदा झाला. दाईला दुसऱ्याच्या घरी जायचं असेल तर तिचं स्वतःचं मूल निदान सात महिन्यांचं हवं, नाहीतर त्याला पाजणारी दुसरी बाई तरी हवी, तसा दाखला आणायचा.

सात महिने! मी लेकीकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर आमचं पाच महिन्यांचं झोपलेलं. तिथल्या पहिलटकरणीला बाळंतपणाची रजा एकूण सोळा आठवडे मिळते. ती संपवून ही कामावर रुजूही झाली होती. दिवसभर ऑफिस, रात्री दोनदा उठणं, आणि मी तिच्या चाळीस मिनिटांचा हिशेब मांडत होते. त्या बायांच्या सासवांनी नातवंडं सांभाळली ती पोटासाठी. मला तर काही सोसायचंही नव्हतं, नुसतं बाळाला मांडीवर घेऊन बसायचं होतं.

त्या रात्री मीच म्हटलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

माझी एक मिनिटाची धाव

शेवटच्या दिवशी जावई म्हणाले, "आई, आज बाळ माझ्याकडे. तुम्ही दोघी जा." मी साडी ठेवून लेकीचा सलवार-कुर्ता चढवला, पायांत तिचे बूट. अर्धा तास चाललो. पाण्यावर धुकं होतं, मनुष्य दिसत नव्हता. लेक म्हणाली, "एक मिनिट धावून बघ."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी धावले. आणि अर्ध्या मिनिटात थांबले. दम लागला म्हणून नव्हे. मैत्रिणींनो, हे लिहायला संकोच वाटतो, पण तुमच्यातल्या पुष्कळजणींना कळेल. खोकताना, शिंकताना, जिना उतरताना जे होतं तेच झालं. धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं माझं हे दुखणं. ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बाईच्या जातीला व्हायचंच, असं धरून चालले होते.

लेकीला मात्र जराही नवल वाटलं नाही. "मलाही होत होतं," ती म्हणाली. तिथे बाळंतिणीला ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकायला सुईणीकडे नाहीतर फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात आणि खर्च सरकारी विमा भरतो. तेवढं झाल्यावरच तिने बूट बाहेर काढले होते. आणि मी समजत होते, पोरगी बेफिकीर आहे!

व्यायाम साधा आहे. लघवी किंवा वारा अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे. पाच आकडे धरून ठेवायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात. त्रास जास्त असेल, अंग बाहेर येतंय असं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वय झालं म्हणून उपाय नाही असं मुळीच नाही.

तिकडे जाणार असाल तर

तुमचीही लेक-सून तिकडे असेल, तर हे लक्षात असू द्या:

• बाळंतपणानंतर धावण्याची घाई नको. निदान तीन महिने जाऊ द्यावेत, आधी चालणं वाढवावं, आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
• निघण्याआधी बाळाला पाजावं. छातीला नीट आधार देणारे अंतर्वस्त्र हवं.
• सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रानात शिकारीचा हंगाम असतो. भडक नारिंगी किंवा पिवळं काहीतरी अंगात घाला. शिकार चालू असल्याची पाटी दिसली की त्या वाटेला जाऊ नका.
• गवतातून आल्यावर पाय, गुडघ्यामागची जागा, जांघा तपासा. तिथल्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो.
• एकटीने जायचं तर कुठल्या वाटेने आणि कधी परत, हे घरी सांगून जा. मदतीचा नंबर ११२.

परत येऊन मला सहा आठवडे झाले. व्यायाम चालू आहे. सकाळी दूध तापवून ठेवते आणि गल्लीतल्या दोघींबरोबर मैदानावर जाते. परवा एक मिनिट धावले. ह्यांनी विचारलं, "आज चहा उशिरा का?" म्हटलं, "पातेलं ओट्यावरच आहे."

लेकीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली, की तिकडे बाळ जागं झालं.