व्हायोलिन्स हलत नाहीत

सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झच्या 'फोकस' या रेकॉर्डबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते आता पुढच्या रविवारी. मध्येच साताऱ्याच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढे जाववेना. मी सुचवलेली 'चार्ली पार्कर विथ स्ट्रिंग्ज' त्यांनी ऐकली. त्या लिहितात, सॅक्सोफोन अप्रतिम आहे, पण मागची व्हायोलिन्स थेट आपल्या जुन्या हिंदी गाण्यांतली वाटतात. मग यात जाझ नेमकं कुठे आलं?

बाईंचा कान तयार आहे. ही रेकॉर्ड निघाली तेव्हा अमेरिकेतले जाझवालेही हेच म्हणत होते, फक्त जरा जास्त चिडून. बीबॉपचा तिखट, बेफाम वादक, आमचा 'बर्ड', आणि तो आता गोड गोड प्रेमगीतं वाजवतोय, म्हणजे बाजारात विकला गेला! खपाचं म्हणाल तर पार्करच्या हयातीत याच रेकॉर्डी सगळ्यात जास्त खपल्या. पण विकला गेला हे मला कधीच पटलेलं नाही. स्ट्रिंग्जचा हट्ट खुद्द त्याचा होता. आपण १९४१ पासून त्या मागत होतो, असं त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. स्ट्राविन्स्की आणि हिंडेमिथ आवडीने ऐकणारा माणूस तो. निर्माता नॉर्मन ग्रँझने ते मनावर घेतलं, एवढंच.

३० नोव्हेंबर १९४९, न्यूयॉर्क. पियानो, बास, ड्रम्स ही नेहमीची मंडळी होतीच. बासवर रे ब्राऊन आणि ड्रम्सवर बडी रिच. त्यांच्या जोडीला तीन व्हायोलिन्स, व्हिओला, चेलो, हार्प आणि ओबो. चेलो वाजवणारा फ्रँक मिलर हा टोस्कानिनीच्या एनबीसी सिम्फनीतला पहिला चेलिस्ट. ओबोवर होता मिच मिलर. हा पुढे कोलंबिया कंपनीत मोठा अधिकारी झाला, टीव्हीवर अख्ख्या अमेरिकेला समूहगीतं गायला लावू लागला, आणि रॉक अँड रोलचा त्याला इतका तिटकारा की विचारू नका. त्याचं सगळ्यात चांगलं काम मात्र मला या एका दिवसातच दिसतं.

त्या दिवशी सहा गाणी झाली, जिमी कॅरोलच्या अरेंजमेंटमध्ये. 'समरटाइम' आहे, 'एप्रिल इन पॅरिस' आहे. पुढच्या जुलैत जो लिपमनच्या अरेंजमेंटमध्ये आणखी एक खेप रेकॉर्ड झाली, ताफा वाढवून. ती मला जरा जड वाटते. 'लॉरा' सोडली तर तिकडे मी फारसा फिरकत नाही.

आता बाईंचा मुद्दा. साम्य आहेच. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनकडे अरेंजिंग करणारे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हे गोवेकर वादक अमेरिकन जाझवर पोसलेले होते. सॅक्समागे व्हायोलिन्सची साय कशी पसरायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'काश्मीर की कली'तलं शम्मी कपूरचं नशेतलं गाणं आठवा. तो सॅक्स मनोहारी सिंगांचा. पण तिथे स्ट्रिंग्जचं आणि सॅक्सचं, दोन्हीचं नोटेशन बहुतेक एकाच टेबलावर तयार होतं. सॅक्सचा पीस गाण्याच्या मापाने कापलेला. तो ठरल्या जागी येतो, ठरलं तेवढं बोलतो आणि गायकाला वाट करून देतो.

पार्करच्या स्टुडिओत कागद होता तो बाकीच्यांपुढे. चाल त्याला पाठ, अरेंजमेंटमधल्या आपल्या जागा ठाऊक, आणि त्या जागी काय वाजवायचं हे ओठाला माउथपीस लागल्यावर ठरायचं. आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागोमाग जाते, त्याने वळण घेतलं की तीही वळते. ही व्हायोलिन्स जागची हलत नाहीत. पार्कर कुठेही गेला तरी त्यांचा पुढचा स्वर लिहिला तिथेच येणार. ती ताठ आहेत म्हणून नाकं मुरडली गेली. मला वाटतं, ती ताठ आहेत म्हणूनच पार्कर किती मोकळा आहे ते कळतं.

'जस्ट फ्रेंड्स' लावा. १९३१ चं गाणं, जॉन क्लेनरची चाल. प्रेम संपलं, आता आपण नुसते मित्र, असा त्याचा भाव. सुरुवातीला स्ट्रिंग्ज अगदी सिनेमाची श्रेयनामावली सुरू व्हावी तशा येतात. बाईंचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं! आणि मूळ चाल सुरू व्हायच्या आत पार्कर एक लांबलचक तान फेकतो. स्वर इतके दाट की मागचा ऑर्केस्ट्रा क्षणभर संथ झाल्याचा भास होतो. मग चाल येते, पण सरळ नाही. एखादी ओळ तो उशिरा उचलतो, भरभर बोलून वेळेची भरपाई करतो, आणि ओळीच्या शेवटी उरलेल्या फटीत पुन्हा काहीतरी कोंबतो. मध्ये स्टॅन फ्रीमनचा छोटासा पियानो. ओबो अधूनमधून डोकावतो. साडेतीन मिनिटांत खेळ खलास. बाकीची पाच गाणी याहून संथ आहेत आणि तिथे तो चालीच्या जवळपास राहतो. आपल्या रेकॉर्डींपैकी 'जस्ट फ्रेंड्स'च त्याला सगळ्यात आवडायची.

यात जाझ कुठे, याचा पुरावा हवा असेल तर आणखी एक 'जस्ट फ्रेंड्स' ऐका: सप्टेंबर १९५२, हार्लेमच्या रॉकलँड पॅलेसमधल्या नाचाच्या कार्यक्रमातलं. रेकॉर्डिंग अगदी गचाळ आहे. स्ट्रिंग्जपुढे जवळपास तोच कागद, पण पार्करची प्रत्येक ओळ नवी. दोन्ही पाठोपाठ लावा आणि मला कळवा, बाई.

गेट्झकडे जायला हीच वाट बरी. 'फोकस'मध्ये एडी सॉटरने स्ट्रिंग्जसाठी सगळं लिहिलं, आणि गेट्झसाठी चालसुद्धा लिहिली नाही. 'आय अ‍ॅम लेट, आय अ‍ॅम लेट' तेवढं ऐकून ठेवा, कारण पुढच्या रविवारी मी थेट तिथूनच सुरू करणार आहे.